विहिरीत विष कुणी कालवले?

मालवण तालुक्यातील आचरा हे गाव 'गावपळणी'साठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. काही वर्षांच्या अंतराने ग्रामदैवत रामेश्वराचा कौल होतो आणि सगळे गाव तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर राहायला जाते. गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री, पोरेबाळे, म्हातारीकोतारी सारी बरोबर असतात. घरे ओस पडतात आणि शिवेपलीकडे खोपी उभ्या राहतात. या प्रथेमागे देवाचे कारण सांगणारे आहेत, तसे एकेकाळच्या रोगराईचे कारण सांगणारेही आहेत. त्या वादात येथे शिरायचे नाही. पाहायचे आहे ते एवढेच, की हजारो माणसे एका निरोपावर घर सोडतात आणि तरीही कुणी घाबरून पळत नाही, कुणी कुणावर धावून जात नाही. असे का होते?

कारणे साधी आहेत. निरोप ओळखीच्या तोंडून येतो. कधी जायचे, कुठे राहायचे, कधी परतायचे हे प्रत्येकाला ठाऊक असते. निरोप साऱ्या गावाला सारखाच लागू असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'हे कुणामुळे ओढवले?' हा प्रश्न त्यात येतच नाही. कौल कुणी मागायचा, मान कुणाचा, वाटा कुणाचा, या गावऱ्हाटीची चिकित्सा आपण करत आलो आहोत आणि पुढेही करू. परंतु धोक्याचा निरोप कसा असावा हे समजून घ्यायला या प्रथेचा उपयोग होतो.

आता दुसरे चित्र पाहू. समजा, अशाच एखाद्या गावात सकाळी बातमी फुटली, की नळपाण्याच्या टाकीत कुणीतरी मुद्दाम रोगाचे जंतू कालवले आहेत. बातमी खरी असेल, खोटीही असेल. पण त्या क्षणी 'आता काय करायचे?' याआधी 'कुणी कालवले?' हाच प्रश्न तोंडी येईल. आणि आपल्या समाजव्यवस्थेत या प्रश्नाचे उत्तर शोधायला कुणी फार लांब जात नाही. ते गावकुसाबाहेर तयारच असते.

मुद्दाम घडवलेल्या जंतुहल्ल्यात लोकांना काय सांगावे, कसे सांगावे आणि कुणी सांगावे, हा विषय आजवर डॉक्टरांचा, पोलिसांचा आणि लष्कराचा मानला गेला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००८ साली जैविक आपत्तींविषयी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. चळवळीतील कार्यकर्त्यांना हा विषय परका वाटतो. तो परका राहू देणे आपल्याला परवडणारे नाही, हे या लेखात मांडायचे आहे.

प्रथम हा हल्ला साध्या साथीहून कोठे वेगळा पडतो ते पाहू. साथीत रोग असतो. हल्ल्यात रोगाबरोबर गुन्हाही असतो. डॉक्टर रुग्ण शोधत येतो, पोलीस गुन्हेगार शोधत येतो आणि दोघे एकाच दाराशी उभे राहतात. ज्याला आधी ताप आला तो रुग्ण की संशयित, अशी शंका निर्माण होते. शंका येईल म्हणून माणूस ताप लपवतो आणि रोगाला वाट मोकळी होते. दुसरी गोष्ट वेळेची. बॉम्ब फुटला की आवाज होतो. जंतू शरीरात शिरल्यापासून ताप चढेपर्यंत कित्येक दिवस जातात. प्रयोगशाळेचा निर्णय येईपर्यंत आणखी दिवस जातात. या मधल्या काळात सरकार 'लोक घाबरतील' म्हणून गप्प बसते. ती रिकामी जागा अफवा भरून काढते, आणि अफवेला समाजातले जुने पूर्वग्रह आयते खतपाणी घालतात.

जंतूंचे हत्यार इतिहासात कुणी वापरले, हे एकदा नीट तपासले पाहिजे. १७६३ साली उत्तर अमेरिकेतील फोर्ट पिट या किल्ल्यातून ब्रिटिशांनी तेथील आदिवासींच्या प्रतिनिधींना देवीच्या रुग्णालयातली पांघरुणे भेट म्हणून दिली. १९३३ साली पाकुडच्या जमीनदार घराण्यात इस्टेटीचा तंटा होता. हावडा स्टेशनच्या गर्दीत धाकट्या सावत्र भावाच्या दंडात सुई टोचून त्याला प्लेगने मारण्यात आले. ते प्लेगचे जंतू मिळवण्यासाठी थोरला भाऊ आणि त्याचा साथीदार डॉक्टर यांनी मुंबई गाठली होती, हे खटल्यात पुढे आले. १९८४ साली अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात रजनीशांच्या आश्रमातील वरिष्ठ मंडळींनी स्थानिक निवडणूक हाती यावी म्हणून द डॅल्स या गावातील दहा खाणावळींच्या कच्च्या भाज्यांवर साल्मोनेला जंतू शिंपडले. ७५१ माणसे आजारी पडली. रजनीश १९८१ पर्यंत पुण्याच्या कोरेगाव पार्कात होते. २००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवली गेली. २२ जणांना लागण झाली, पाच जण मेले. तपास यंत्रणेने ठपका ठेवला तो लष्कराच्याच संशोधन संस्थेतील ब्रूस आयव्हिन्स या शास्त्रज्ञावर. खटला उभा राहण्याआधी, २००८ साली, त्याने आत्महत्या केली.

किल्लेदार, जमीनदार, डॉक्टर, आश्रमाच्या व्यवस्थापिका, शास्त्रज्ञ. जंतू हाताळायला प्रयोगशाळा लागते, शिक्षण लागते, पैसा लागतो किंवा सत्ता लागते. ज्यांच्याकडे यातले काहीच नाही त्यांच्या हाती हे हत्यार सहजासहजी येत नाही.

मग संशय कुणावर येतो? युरोपात चौदाव्या शतकात काळा मृत्यू आला तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष टाकले अशी आवई उठली आणि १३४९ साली स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. द डॅल्समध्ये आरोग्य खात्याने आधी दोष दिला तो खाणावळीत राबणाऱ्या हातांना. स्वयंपाकघरातील कामगारांनी स्वच्छता पाळली नसावी, असा निष्कर्ष काढला गेला. खरा प्रकार बाहेर यायला वर्ष लागले. विसाव्या शतकातील एवढ्या प्रगत देशातसुद्धा संशय खालच्या दिशेनेच वाहिला.

आपल्याकडे तर पाण्याचा आणि संशयाचा संबंध धर्मानेच पक्का केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. त्यानंतर काही वेळातच 'हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी अफवा पसरवली गेली आणि परतणाऱ्या माणसांवर हल्ला झाला. पुढे १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. माणसाच्या स्पर्शाने पाणी नासते असे ज्या समाजाने शतकानुशतके मानले, त्या समाजात 'पाण्यात काहीतरी कालवले' ही बातमी कुणाच्या अंगावर जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

महाड ही जुनी गोष्ट झाली असे कुणी म्हणेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मोबाईलवर फिरणाऱ्या मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने त्यांना गुन्हेगार ठरवले होते. भिक्षा मागत फिरणे एवढाच त्यांचा अपराध. २०२० साली करोनाच्या वेळी 'मुद्दाम रोग पसरवतात' हा आरोप तबलीगी जमातीवर झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असावे, असे मत नोंदवले. त्या उन्हाळ्यात आमच्या कोकणात मुंबईहून आलेले चाकरमानीसुद्धा संशयित ठरले. गावचाच पोर शाळेच्या खोलीत अलग राहिला आणि शिवेवर त्याला अडवायला त्याचेच भाऊबंद उभे राहिले. अलग ठेवणे गरजेचे होते हे मान्य केले तरी, रोगाचा निरोप किती लवकर माणसाविरुद्धचा निरोप होतो, हे साऱ्यांनी अनुभवले.

आणि सर्वांत बोचरे उदाहरण तामिळनाडूचे. डिसेंबर २०२२ मध्ये पुदुकोट्टई जिल्ह्यातील वेंगैवयल येथे दलित वस्तीची मुले आजारी पडू लागली. पाण्याचा संशय आला म्हणून वस्तीतील माणसे टाकीवर चढली, तेव्हा पाण्यात मानवी विष्ठा आढळली. हा जंतूंनीच केलेला हल्ला होता. तो शोधला कुणी? वस्तीनेच. जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या तपास यंत्रणेने आरोपपत्र ठेवले ते त्याच वस्तीतील तीन तरुणांवर. दलित संघटनांनी आणि अनेक पक्षांनी ते अमान्य करून स्वतंत्र तपासाची मागणी केली. न्यायालयाचे काम न्यायालय करील. पण ज्याने धोक्याची बातमी दिली त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते हे दिसले, की उद्या दुसऱ्या वस्तीतील माणूस टाकीवर चढायला धजेल काय? धोक्याचा निरोप वरून खाली येतो, तसा खालून वरही जावा लागतो. ही वाट भीतीने बंद झाली तर साऱ्या गावाचे नुकसान होते.

सरकारच्या निरोपावर लोकांचा विश्वास का बसत नाही, याचे उत्तरही आपल्याच इतिहासात आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने रुग्णांना बळाने रुग्णालयात न्यायला सुरुवात केली. का नेतात, तेथे काय करतात, माणूस परत का येत नाही, हे कुणी समजावून सांगितले नाही. तेव्हा गोरगरिबांनी आपल्या परीने अर्थ लावला. रुग्णालयात माणसांना मारून त्यांच्या अंगातून मोमियाई काढतात, असे बोलले जाऊ लागले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. म्हणजे लोकांच्या लेखी सरकार स्वतःच मुद्दाम जीव घेणारे ठरले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. मार्चमध्ये पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत घुसले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

त्याच मार्च महिन्यात पुण्याजवळ दुसरेही काही घडत होते. सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. एकीकडे सोजीराची बंदूक आणि दुसरीकडे ही पाठ. रोगाविषयीचा सल्ला दोन्हीकडे जवळपास एकच होता. रुग्णाला वस्तीतून हलवा, हाच. फरक होता तो सांगणाऱ्याच्या वागण्यात.

शंभर वर्षांनंतरच्या अमेरिकेतही हेच दिसले. १५ ऑक्टोबर २००१ रोजी वॉशिंग्टनमध्ये सिनेटर टॉम डॅशल यांच्या कार्यालयात अँथ्रॅक्सचे पत्र उघडले गेले. तेथील कर्मचाऱ्यांना तातडीने औषध मिळाले. ते पत्र ज्या ब्रेंटवूड टपाल केंद्रातून आले तेथील कामगार बहुसंख्य काळे होते. 'बंद पाकिटातून धोका नाही' असे त्यांना सांगून काम चालू ठेवले गेले. १८ तारखेला टपाल खात्याच्या प्रमुखांनी त्याच केंद्रात पत्रकारांना बोलावून सारे सुरक्षित असल्याचे सांगितले. २१ तारखेला केंद्र बंद झाले, तोवर उशीर झाला होता. थॉमस मॉरिस आणि जोसेफ कर्सीन हे दोन कामगार मेले. मॉरिस यांनी मृत्यूच्या दिवशी रुग्णवाहिकेला फोन करून आपल्याला अँथ्रॅक्स झाला असावा असे स्वतः सांगितले होते. पुढे सरकारने लस देऊ केली तेव्हा बहुतेक कामगारांनी ती नाकारली. त्यांना टस्कीगीची आठवण होती. तेथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंश झालेल्या काळ्या माणसांना उपचार न देता सरकारी डॉक्टर त्यांची नुसती निरीक्षणे टिपत होते. अविश्वासाला अडाणीपणा म्हणून हिणवणाऱ्या आपल्याकडच्या प्रस्थापितांनी हा इतिहास वाचावा. शोषितांचा अविश्वास बहुतेक वेळा अनुभवातून आलेला असतो.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत न्यूमोनिक प्लेगची बातमी फुटली तेव्हाही अधिकृत माहिती मागे पडली आणि पाण्यात विष कालवल्याची अफवा पुढे धावली. काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. त्यांत खानदेशातून पोटासाठी गेलेले मराठी कामगारही होते. टेट्रासायक्लिनसारख्या साध्या, स्वस्त औषधाने बरा होणारा हा रोग. पण हे औषध कुठे मिळेल हे सांगणारा आवाज वेळेवर पोचला नाही. अनेक खाजगी डॉक्टर दवाखाने बंद करून निघून गेले. शहराचा कचरा उपसायला मात्र सफाई कामगार मागे राहिले. ते कोणत्या जातींचे होते हे वेगळे सांगायला नको.

तर मग निरोप कसा असावा? गावात पाण्याचा संशय आला आहे असे धरून, आचऱ्याच्या बोलीत तो असा देता येईल:

"आयका! टाकीच्या पाण्यात काय मिसळला आसा काय नाय, ता अजून ठरूक नाय. तपासणी चालू आसा. तोवर टाकीचा पाणी पिऊ नकात, उकळून पण पिऊ नकात. टँकर सगळ्या वाडयांत येतलो, बौद्धवाडीत पण येतलो. ताप, जुलाब झाले तर आशाताईक सांगा, औषध फुकट गावतला. आजारी माणसाक वाळीत टाकू नकात. कोणी केला ता पोलीस बघतले, तुम्ही कोणावर हात उगारू नकात. सांजच्या सा वाजता परत सांगतलव."

या थोडक्या शब्दांत पाच गोष्टी आहेत. पहिली, काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले आहे. अधिकाऱ्यांना 'अजून ठरले नाही' म्हणण्याची लाज वाटते. पण आज खोटा धीर दिला तर उद्या खरी सूचनाही कुणी ऐकत नाही. ब्रेंटवूडला तेच झाले. दुसरी, काय करायचे ते एका कृतीत सांगितले आहे. येथे शास्त्राची काळजी घ्यावी लागते. 'उकळून प्या' हा सल्ला पटकी, जुलाबाच्या साथीत योग्य असतो. पण रासायनिक विष उकळल्याने जात नाही आणि अँथ्रॅक्सचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत. पदार्थ ओळखला जाईपर्यंत 'पिऊ नका' हाच निरोप खरा.

तिसरी गोष्ट, पाळता येईल अशीच आज्ञा दिली आहे. 'टाकीचे पाणी पिऊ नका' म्हणायचे आणि टँकर मात्र वरच्या आळीतून परत फिरवायचा, याला निरोप म्हणत नाहीत. भर एप्रिल-मे महिन्यात ज्या वाडीची विहीर आधीच आटलेली असते तिला पर्यायी पाणी कुठून मिळेल हे निरोपातच सांगावे लागते. 'घरात राहा' म्हणायचे तर रोजावर जाणाऱ्याच्या चुलीचे काय, याचेही उत्तर त्याच दमात द्यावे लागते. चौथी, आजाऱ्यापासून दुसऱ्याला धोका किती, याचे भान दिले आहे. रोग ओळखला गेला की हे आणखी स्पष्ट सांगता येते. अँथ्रॅक्सचा श्वासातून होणारा प्रकार माणसापासून माणसाला होत नाही. न्यूमोनिक प्लेग खोकल्यातून होतो. हे एक वाक्य उशिरा आले तर तोवर एखाद्या वस्तीवर बहिष्कार पडलेला असतो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ पासून कायदा लागू आहे. पण कायदा नंतर येतो आणि निरोप आधी पोचवता येतो. पाचवी, 'कुणी केले' हा प्रश्न नाकारलेला नाही. तो तपासाच्या जागी ठेवला आहे.

निरोप कुणी सांगावा, हा शेवटचा प्रश्न. जुन्या गावगाड्यात हे काम महाराकडे होते. तराळ दवंडी देई, मयताचा सांगावा पोचवी आणि मेलेले ढोरही तोच ओढून नेई. आज ज्याच्या नावाने जग घाबरते तो अँथ्रॅक्स म्हणजे आपल्याकडची काळपुळी. या रोगाने मेलेल्या जनावराचे अंग फाडले की हवा लागून जंतूंचे बीजाणू बनतात आणि ते वर्षानुवर्षे मातीत टिकतात. म्हणून असे ढोर न फाडता खोल पुरायचे असते. हे ज्ञान ज्याला सर्वांत आधी द्यायला हवे होते, त्याला ते कुणी दिले नाही. त्याच्या वाट्याला ढोर आले, रोग आला आणि वर विटाळाचा आरोप आला. मृत ढोरे ओढण्याच्या कामाविरुद्ध बाबासाहेबांनी जे बंड पुकारले त्यात आत्मसन्मानाबरोबर आरोग्यही होते. १९५८ च्या कायद्याने महारवतन संपले.

आज हे काम आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि ग्रामपंचायतीचा शिपाई यांच्याकडे आले आहे. त्यांतल्या किती जणी आणि किती जण वस्तीत उंबऱ्याच्या आत जातात, हे प्रत्येकाने आपल्या गावात पाहावे. शिक्षकांनी साथीचा धडा शिकवताना अफवेचाही धडा शिकवावा. मोबाईलवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी 'यात कुणाकडे बोट दाखवले आहे?' हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावावी. कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत तीन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात: प्रत्येक वाडीत निरोप कोण नेणार, पर्यायी पाणी प्रथम कुठे जाणार, आणि वस्तीने दिलेली धोक्याची खबर कुणाच्या सहीने नोंदवली जाणार. खबर देणाऱ्याची नोंद तक्रारदार म्हणून झाली, तर त्याला सहजासहजी आरोपी करता येत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या वापरातील पाणी घाण करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही पोलीस पाटलाला ठाऊक असावे.

पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माणसाने गावाची दवंडी दिली, पण दवंडीत काय सांगायचे हे ठरवताना त्याला कुणी विचारले नाही. संकट येईल तेव्हा येईल. मजकूर ठरवण्याच्या त्या बैठकीत वस्तीचा माणूस बसलेला असला पाहिजे, आणि ही जागा संकट येण्याआधी मिळवावी लागेल.